वीस गोळ्या आणि एक भांडं पाणी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार, ३ ऑगस्ट १९८९

चि. श्रेणिक यास,

आशीर्वाद वगैरे आहेतच असं धरून चाल. गोळ्या मिळाल्या. आरामगाडीचा ड्रायव्हर सकाळी साडेसहाला स्टँडवर भेटला, त्यानं सीटखालून पुडकं काढून दिलं. एकशे चाळीस, मी दोनदा मोजल्या. पुडकं उलटंपालटं करून पाहिलं, झटकून पाहिलं. आत चिठ्ठी नाही. दोन वर्षांनी घरी काही पाठवलंस तर त्या गोळ्या, आणि सोबत आईसाठी एक शब्द नाही. असू दे.

मंगळवारी मी ट्रंक कॉल लावला तो तुझ्या बायकोनं उचलला. आईला नागीण उठली आहे, कपाळावर, उजव्या डोळ्याच्या वर, औषधाचं नाव हे, गोळ्या इतक्या, एवढं सांगून मी ठेवून दिला. तिला उद्धट वाटलं असेल. वाटू दे. तीन मिनिटांत गोड बोलायला जागा नसते.

आता सगळं सांगते, म्हणजे परत विचारायला नको. रविवारी आईचं कपाळ ठणकायला लागलं. सोमवारी सकाळी फोड दिसले. मी शाळेत गेले, तेवढ्यात खालच्या चिमणाबाईंनी वर येऊन सगळ्या कपाळाला गेरू फासून ठेवला. का, तर नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातं, म्हणून तिची वाट अडवायची. संध्याकाळी येते तर आई भिंतीला टेकून बसलेली, अर्धं तोंड लालभडक. मी किंचाळलेच. चिमणाबाई म्हणतात, "वरडू नका बाई, नागीण बावचळती." नागीण बावचळली की नाही ठाऊक नाही, मी मात्र बावचळले.

मंगळवारी हाफिजाकडे नेलं. मुल्लांची हाफिजा, माझी विद्यार्थिनी होती, आता कातडीची डॉक्टर आहे. तिनं गेरू धुऊन काढता काढता मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचं विष शरीरात दबून बसलेलं असतं, म्हातारपणी ते असं वर येतं, असं तिचं म्हणणं. आईच्या नाकाच्या शेंड्यावरही एक फोड आहे. तो पाहून तिनं आधी डोळा तपासला. नाकावर फोड आला म्हणजे डोळ्याला धोका. यावर नवीन गोळ्या निघाल्यात, त्या फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या पाहिजेत, आणि कोल्हापुरात त्या दिवशी कुठेच मिळाल्या नाहीत. म्हणून तुला फोन. एरवी केला नसता.

गोळ्या तुझ्याकडून आल्या हे आईला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी दिल्या म्हटलं. तुझं नाव काढलं तर ती तोंड उघडायची नाही, आणि मला तिचा डोळा हवा आहे.

आक्का

शनिवार, ५ ऑगस्ट

श्रेणिक,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, औषधाच्या खोक्यातला कागद. "चार-चार गोळ्या, दिवसातून पाच वेळा, समान अंतरानं. पाणी भरपूर. फोड सुकले तरी सात दिवस पुरे करणे." हे हाफिजानं मला तोंडपाठ करून घेतलंय. मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवते आहे, मला कागद वाचता येतो. आई कशी आहे एवढं विचारायला तुला शाई पुरली नाही का?

कशी आहे ते मीच सांगते. वेदना फार आहेत. वाऱ्यानं केस हलले तरी कळ येते, म्हणून पंखा बंद. उजवी पापणी सुजून मिटली आहे. पण बुबुळ अजून साफ आहे. हाफिजानं दिलेली मलमाची ट्यूब मी डोळ्यात घालते तेव्हा ती माझं मनगट घट्ट धरते आणि हूं की चूं करत नाही. तुला तिचा स्वभाव ठाऊक आहे. निदान पूर्वी होता.

गोळ्यांचं म्हणशील तर सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. पहिल्या दिवशी मी हातात द्यायला गेले तर म्हणाली, "ठेव तितं. मी काय ल्हान पोर हाय व्हय?" मलाही शाळा आहे, दहा ते साडेपाच. म्हणून मी पाच वाट्या मांडल्या, प्रत्येकीत चार गोळ्या, शेजारी भरलेला तांब्या. रात्री पाहिलं, पाचही वाट्या रिकाम्या. काल रिकाम्या, आज रिकाम्या. तेव्हा सूचना तुझ्या तुझ्याजवळ ठेव.

रात्री औषध चालतं का असं तू मनात म्हणशील, म्हणून लिहिते. दिवस मावळल्यावर अन्न नाही हा तिचा जन्माचा नियम आहे, त्यात औषधपाण्याला मुभा आहे. तुझ्या मुंबईच्या घरीही होती. तिथं रात्री साडेनऊला ताट वाढून तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हे गावाकडचं सोंग इथं नको." ती दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून एकटी निघून आली. तेव्हापासून ती जेवतेही दुपारी एकदाच. एकाशन म्हणते. वय झालं की देवधर्म वाढतो, मी काही बोलत नाही.

चिमणाबाई आज चार गोळ्या मागायला आल्या होत्या. सुनेच्या ओठावर फोड आलेत, "त्येबी ह्याच जातीचं हाय म्हनत्यात, द्या की." सून सहा महिन्यांची गरोदर. मी म्हटलं, हा खाऊ नाही, तिला डॉक्टरकडे न्या. तर माझ्याशी दिवसभर अबोला. सगळं गाव माझ्या डोक्यावर बसलं आहे.

आक्का

मंगळवार, ८ ऑगस्ट

श्रेणिक,

आई दवाखान्यात आहे. हे पत्र तिच्या खाटेजवळ बसून लिहिते आहे, अक्षर समजून घे.

काल शाळेतून आले तर ती जमिनीवर बसून मला "सखू" म्हणत होती. सखूमावशी जाऊन अकरा वर्षं झाली. दोनदा ओकली. सकाळपासून लघवी झाली नव्हती. मला वाटलं नागीण डोक्यात गेली. चिमणाबाईंना तर तोंड आणि शेपूट एकत्र आलेलंच दिसायला लागलं. रिक्षात घालून हाफिजाकडे आणलं.

हाफिजानं नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

"बाई, आई उपास करतात?"

"उपास नाही. एकाशन. दुपारी एकदा जेवते."

"आणि पाणी?"

"जेवताना पिते ना."

"नंतर?"

श्रेणिक, मला त्या क्षणी कळलं. एकाशन म्हणजे एकदा बसायचं, तेव्हा जे अन्नपाणी पोटात जाईल ते जाईल, मग दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब नाही. दोन वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर चाललंय. आणि मी तांब्या भरून ठेवत होते. रोज संध्याकाळी तो तेवढाच भरलेला असे आणि मी समजत होते चिमणाबाई परत भरून ठेवतात.

वीसच्या वीस गोळ्या ती दुपारी भाताबरोबर एकदम घेत होती. तीन मुठी करून, रविवारी मी घरात वह्या तपासत बसले होते तेव्हाही. वर एक भांडं पाणी. शुद्धीवर आल्यावर विचारलं तर म्हणते, "दिसाच्या वीस म्हनलीस, वीस खाल्ल्या की. पोटात समद्या एकीकडंच जात्यात न्हवं?"

हाफिजा चिडली. "ही गोळी पाण्याशिवाय घेतली की किडनीत खडे धरल्यासारखी अडकते. म्हाताऱ्या माणसाला आधी भ्रम होतो, मग लघवी बंद. आमच्या अम्मानं रमजानमध्ये साखरेच्या आजाराच्या दिवसभराच्या गोळ्या पहाटे सहेरीला एकदम खाल्ल्या होत्या. मी विचारायला पाहिजे होतं, माझी चूक. पण बाई, तुम्ही त्याच घरात राहता." माझ्या विद्यार्थिनीनं मला असं बोलावं आणि मी खाली मान घालावी!

गोळ्या थांबवल्यात, सलाईन चालू आहे. आज लघवी झाली, भ्रम उतरला, मला आक्का म्हणाली. पण गोळ्या थांबल्या तसा डोळा लाल झाला. बुबुळावर बारीक रेघ दिसते आहे. उद्यापासून कमी मात्रेत परत सुरू करायच्या, दोन-दोन, पाच वेळा, आणि दिवसभरात बारा भांडी पाणी. पाणी नाही तर गोळी नाही. गोळी नाही तर डोळा नाही. इतकं सरळ आहे.

आणि ती म्हणते, पाणी पिणार नाही!

सलाईन कसं चालतं विचारलं तर, "सुईनं गेल्यालं मी कुटं प्याले?" पण सुईला शीर सापडेनाशी झाली आहे, दोन्ही हात सुजलेत. मी बस्तीत, आपल्या जैन मंदिरात जाऊन उपाध्यांना घेऊन आले. त्यांनी खाटेपाशी उभं राहून सांगितलं, "रत्नाबाई, आजारपणात औषधपाण्याला दोष न्हाई. शास्त्रातच हाय." ती त्यांना हात जोडून म्हणाली, "शास्त्राच्या नियमाला सूट आसंल. ह्यो माझा सोताचा हाय."

मग सगळं बाहेर आलं. मुंबईहून परतली त्या दिवशी ती घरी यायच्या आधी बस्तीत गेली होती. देवापुढं बोलली, श्रेणिक उंबऱ्याच्या आत येईस्तवर मी एकदाच जेवीन. मला दोन वर्षांत सांगितलं नाही. का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणते, "तू त्येला बलवून घितलं आसतंस. बलवून आल्याला काय कामाचा?"

कळलं का तुला? भक्ती नव्हे ती. तू होतास. रोज संध्याकाळी मी गिळत बसायचे आणि ती माळ ओढायची ती तुझ्यामुळे.

तू दोन वर्षांत एक ओळ लिहिली असतीस तर ही वेळ आली नसती. एक ओळ, श्रेणिक. ये. मिळेल त्या गाडीनं ये. ती म्हणते मी तुला बोलवायचं नाही, पण मी बोलावते आहे.

आक्का

गुरुवार, १० ऑगस्ट

श्रेणिक,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. कुठलं ते तुला वाचता वाचता कळलं असेल आणि तू मला शिव्या दिल्या असशील. द्यायलाच हव्यात.

तू लिहिलं होतंस. २२ सप्टेंबर १९८७. आई परत आल्याला तीन आठवडे झाले होते. पाकिटावर तिचं नाव होतं, पण तिला पत्र मीच वाचून दाखवते, म्हणून मी फोडलं. पाच ओळी. "आई, चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तू हो म्हण, मी न्यायला येतो." ते मी वाचलं, घडी घातली आणि शाळेत नेऊन कपाटात हजेरीपटांखाली ठेवलं. तिला सांगितलं नाही. तुला उत्तर लिहिलं नाही. तू त्याचा अर्थ काय घेतलास हे तुझ्या गोळ्यांच्या पुडक्यात चिठ्ठी नव्हती तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी उलट तुझ्यावरच ओरडले.

का, ते लिहिते. सफाई म्हणून नव्हे. आपल्या दोघांत तूच तिचा होतास. बाबा गेले तेव्हाही ती तुझ्याच खांद्यावर रडली, मी चहा करत होते. मी विधवा होऊन परत आले तेव्हा तिनं मला खोली दिली, आणि तुझ्या पत्रांची वाट पाहत दारात बसली. ती मुंबईहून ट्रंक घेऊन आली त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आता ही माझ्याकडे राहील. "न्यायला येतो" हे दोन शब्द नसते तर मी कदाचित वाचून दाखवलं असतं. मला तेवढेच दिसले.

काल दुपारी शाळेत गेले, कपाट उघडलं, पत्र काढलं. मुख्याध्यापकांनी विचारलं काय हरवलं, मी म्हटलं सापडलं. दवाखान्यात हाफिजा तिची शीर शोधत होती. मी तिच्यासमोरच आईला म्हटलं, श्रेणिकचं पत्र आहे, दोन वर्षांपूर्वीचं, मी लपवलं होतं. आणि वाचलं.

आईनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "परत वाच." वाचलं. "परत." तिसऱ्यांदा मी अर्ध्यावर थांबायला गेले, तिनं थांबू दिलं नाही.

"तारीक?"

सांगितली.

"कुणी आनलं हुतं?"

"पोस्टमननं."

"हातात दिलं का आत टाकलं?"

"आत टाकलं. दाराच्या फटीतून."

ती डावा डोळा मिटून पडून राहिली. हाफिजा सुई हातात धरून तशीच उभी. मग आई उठून बसली, आपली आपण, कुणाला हात लावू दिला नाही.

"म्हंजे त्येचं चुकलं म्हन्नं उंबऱ्याच्या आत आल्तं. कुनी न बलवता आल्तं. मग माजा नियम तवाच सुटला की. मी दोन वर्सं उगंच उपाशी ऱ्हायले." आणि मग, "हाफिजा, पानी आन."

मी तांब्या घेऊन पुढे झाले होते. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "हाफिजा, तू आन."

ती दोन भांडी प्याली, गोळ्या घेतल्या, वर आणखी एक भांडं प्याली. दिवस मावळायला अजून तास होता.

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आक्का

रविवार, १३ ऑगस्ट

श्रेणिक,

तुझी तार मिळाली. मंगळवारी पोचतोस म्हणजे १५ ऑगस्टची सुट्टी धरून येतोस, तुझी शिस्त काही सुटायची नाही. तरी ये.

आई काल सकाळी घरी आली. हाफिजाच्या सांगण्यानुसार रक्त सुधारलं आहे, किडनी सावरली. बुबुळावरची रेघ कालपासून पुसट झाली आहे. दृष्टी राहील म्हणते, थोडी धूसर राहिली तरी राहील. कपाळाची कळ मात्र अजून काही महिने जाणार नाही. फोडांच्या खपल्या पडायला लागल्यात. चिमणाबाई विजयी मुद्रेनं सगळ्या पेठेला सांगत फिरतात की गेरूनंच वाट अडली. त्यांच्याशी भांडायची ताकद माझ्यात उरली नाही.

तिचा आहार आता दोन वेळा. दिवस मावळायच्या आत दुसऱ्यांदा जेवते, आणि जेवताना तुझ्याविषयी चिमणाबाईंशी बोलते. तू चौथीत असताना पंचगंगेत पोहायला पळून गेला होतास वगैरे. मी त्याच खोलीत पोळ्या लाटत असते.

माझ्याशी बोलत नाही. एक शब्द नाही. डोळ्यात ट्यूब घालू देते, कारण चिमणाबाईंचा हात कापतो. पण माझं मनगट धरत नाही, चादर धरते. सकाळी सहाची गोळी चिमणाबाई देतात, दहाची, दोनची आणि सहाचीही. पाणी त्यांच्याच हातचं. मी भरलेल्या माठातलं, पण त्यांच्या हातचं.

प्रश्न रात्री दहाच्या गोळ्यांचा होता. चिमणाबाई नऊला झोपतात. काल मी भांडं घेऊन गेले, तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, आई, डोळा जाईल. काही नाही. मी म्हटलं, मला काय हवं ते बोल, पण पाणी पी. काही नाही. शेवटी मी गोळ्या आणि भांडं तिच्या उशाशी ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दिवा मालवला.

थोड्या वेळानं ती उठली. माझं भांडं तिथंच ठेवलं, चाचपडत माठापर्यंत गेली, स्वतःच्या हातानं पाणी घेतलं. एका डोळ्यानं अंधारात. मला उठून धरायचं होतं, उठले असते तर तिनं भांडं ठेवून दिलं असतं, म्हणून मी पडून राहिले. ती मोठमोठ्यानं घोट घेत होती, मला ऐकू जावेत असे.

तू आलास की तिला पाणी तू दे. माझ्यासाठी तिच्याकडे शब्द टाकू नकोस, आणि तुला न्यायचं असेल तर ने, मी या वेळी काही लपवणार नाही. पण ट्यूब कशी घालायची ते आधी माझ्याकडून शिकून घे. आणि रात्री दहाचं पाणी पूर्ण प्याली का ते नुसतं भांडं बघून ठरवू नकोस. तिच्या शेजारी बस.

आक्का